राक्षसाचें नांव

मराठी भयकथेचा विषय निघाला कीं आमचे रसिक मित्र एक आक्षेप ठरल्याप्रमाणें घेतात. ते म्हणतात, या कथांत नवें असें काय असतें? तोच पडका वाडा, तीच अमावस्या, तीच केस मोकळे सोडलेली बाई आणि शेवटीं येऊन सर्व उलगडा करणारा तोच सिद्धपुरुष. लेखकाचें नांव बदलावें, आंतील सामान तेंच. अद्भुतकथेवरही त्यांचा हाच ठपका असतो. या आक्षेपांत मुळींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि सामान तेंच असणें हा स्वतंत्र दोष आहे हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. कीर्तनांतलें आख्यान श्रोत्यांना आधींपासून पाठ असतें, म्हणून पूर्वरंग संपतांच कोणी उठून घरीं जात नाहीं. ओळखीच्या मूर्तीला बुवा आज कोणत्या बाजूनें हात घालतात हें पाहण्यासाठींच लोक बसून राहतात. युंगच्या मानसशास्त्रांतून आलेल्या ज्या कल्पनेला आपल्याकडे ‘आदिबंध’ असें जड नांव पडलें आहे, तिचा भयकथेपुरता अर्थ एवढाच, कीं ही मूर्ति वाचकाच्या मनांत आधींच उभी असते. लेखकाला ती घडवावी लागत नाहीं. त्यानें ती कोठें हलविली, हें पाहणें टीकाकाराचें काम.

हें काम पुस्तकांच्या कपाटापुढें उभें राहून करण्यापेक्षां जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत हिंडून करावें असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत आलें आहे. पुणें जिल्ह्याच्या उत्तरेचा हा मुलूख. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांचीं खोरीं, पश्चिमेस सह्याद्रीची धार व नाणेघाट, पूर्वेस उसाचे मळे. शिवनेरीमुळें तो सर्वांस ठाऊक आहे. परंतु शिवनेरीकडे पाहतां पाहतां भोंवतालच्या दैवतांच्या जन्मकथांकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. अद्भुताची आणि भयाची उलटापालट ही जणूं अलीकडच्या पाश्चात्य लेखकांनीं काढलेली युक्ति आहे असें मानणाऱ्यांनीं तर या बाजूस एकवार अवश्य यावें.

कुकडीच्या कांठचें ओझर हें अष्टविनायकांपैकीं एक स्थान. तेथील विघ्नहराची कथा बहुतेकांनीं आजीच्या तोंडून ऐकली असेल, पण ती नीट ऐकली आहे काय? अभिनंदन राजानें यज्ञ मांडला आणि इंद्राचा हविर्भाग वगळला. इंद्र संतापला व यज्ञ मोडण्याकरितां त्यानें विघ्नासुरास उत्पन्न केलें. असुरानें तो यज्ञ तर मोडलाच, पण तेवढ्यावर न थांबतां जेथें जेथें सत्कर्म चाललें होतें तेथें तेथें तो जाऊन पोहोंचला. ऋषि गणेशास शरण गेले. गणेशानें असुरास जिंकलें, परंतु मारलें नाहीं. पराभूत असुरानें मागणें मागितलें, कीं तुझ्या नांवाआधीं माझें नांव घेतलें जावें. तें मान्य झालें. जेथें गणेशाची पूजा चालते तेथें असुरानें जावयाचें नाहीं, असाही करार झाला. आणि देव तेव्हांपासून विघ्नहर, विघ्नेश्वर या नांवांनीं ओळखला जाऊं लागला.

या कथेंत तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही भयकथेच्या मर्माच्या आहेत. राक्षस बाहेरून आलेला नाहीं. तो देवांच्या राजानें आपल्या रागासाठीं निर्माण केलेला आहे. निर्माण केलेली वस्तु निर्मात्याच्या हुकुमांत राहिली नाहीं. आणि शेवट वधानें झाला नसून नांवानें झाला आहे. पहिल्या दोन गोष्टी मेरी शेली या इंग्रज बाईनें १८१८ सालीं ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरींत मांडल्या, आणि आजतागाईत पाश्चात्य भयकथा त्या पुंजीवर व्यापार करीत आहे. पण तिसऱ्या गोष्टींत केवढें अंतर पडलें पाहा. त्या कादंबरींत निर्माता आपल्या निर्मितीला नांवच देत नाहीं. तिला हांकून देतो. पुढें लोकांनीं परस्पर निर्मात्याचेंच नांव त्या अभाग्याला देऊन टाकलें. तेथें राक्षसानें कर्त्याचें नांव बळकावलें. ओझरास देवानें राक्षसाचें नांव आपण होऊन पुढें लावून घेतलें. दोन्ही कथा एकच प्रश्न विचारतात, कीं आपणच उत्पन्न केलेल्या भयाचें पुढें काय करावयाचें. ओझरचें उत्तर अधिक प्रौढ आहे असें आमचें मत आहे. भय मारतां येत नाहीं. त्याच्याशीं हद्द ठरवून घ्यावी लागते, आणि हद्द ठरवावयाची तर आधीं त्याचें नांव घ्यावें लागतें.

हें एकच उदाहरण असतें तर आम्ही त्यावर एवढा भार घातला नसता. मंचर, घोडेगांव, डिंभें या वाटेनें आंबेगांव तालुका ओलांडून वर गेलें म्हणजे खेडच्या हद्दींत भीमाशंकर लागतो. त्याचीही तीच तऱ्हा. शिवपुराणांतील कथेप्रमाणें कुंभकर्णाचा मुलगा भीम हा तेथील असुर; शंकरानें त्याचा संहार केला आणि त्याच्या नांवासह तेथें राहिला. दुसरी कथा त्रिपुरासुराची. तींत युद्धानंतर शंकराला आलेल्या घामाची भीमा नदी झाली. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रांत या स्थळाचा पत्ता डाकिनीच्या नांवानें दिलेला आहे. डाकिनी हा शब्द आज आपण ज्या अर्थानें उच्चारतों तो मनांत आणावा. इतर भाषांतील भयकथा डाकिनीच्या रानांतून सुटून देवळांत शिरण्याची धडपड करते. येथें देऊळच तिच्या रानांत आहे. पावसाळ्यांत त्या अरण्यांत दुपारीं तीन वाजतां धुकें उतरतें आणि दहा हातांवरचा माणूस दिसेनासा होतो. तेव्हां वाटेंत ज्यानें भीमाशंकराचें नांव घेतलें त्यानें त्याच श्वासांत भीमासुराचेंही घेतलेलें असतें.

वेताळाविषयीं फार लिहावयास नको. भुतांचा राजा, आणि तोच गांवचा राखणदार. शेंदूर फांसलेल्या वाटोळ्या धोंड्यांच्या रूपानें महाराष्ट्रांत तो जागोजाग बसलेला आहे. ‘वेताळपंचविशी’ंतील वेताळ विक्रमाला खात नाहीं. न्यायाचे प्रश्न विचारतो. भूत परीक्षक आणि राजा परीक्षार्थी, ही उलटापालट आपल्या वाङ्मयांत किती जुनी आहे!

आतां याच्या नेमकें विरुद्ध टोंक पाहूं. जुन्नर शहराजवळ मानमोडीच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. त्यांच्या तीन गटांना लोकांनीं भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग अशीं नांवें दिलीं आहेत. याच डोंगरांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. म्हणजे स्थळ अनामिक नव्हतें, दात्यांनीं आपलीं नांवें दगडांत खोदून ठेविलीं होतीं. पुढें भिक्षु गेले, लिपि वाचणारे गेले. राहिला तो काळोख आणि स्तूपाचा आकार. मग भूतलिंग हें नांव पडण्यास कितीसा वेळ लागणार? समोरच्या लेण्याद्रीवर हीच गोष्ट सौम्य रूपानें घडली. तेथें विहारांत गिरिजात्मज येऊन बसला आणि भिक्षूंच्या कोठड्यांना देवाचें घर मिळालें. एका डोंगरावर विस्मृतीचा देव झाला, दुसऱ्यावर भूत झालें. ज्याचा धनी विसरला गेला तें घर झपाटलेलें, हा भयकथेचा सर्वांत ओळखीचा आदिबंध. तो येथें पुस्तकांत नसून नकाशावर आहे.

भूत म्हणजे गांवाच्या खतावणींतली न फेडलेली बाकी, असें आम्ही समजतों. घाटाखालच्या कोंकणांतील लोकसमजुतींचीं टिपणें आर. ई. एन्थोवेन यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलीं. सामग्री जमविली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनीं, आणि तींतील पुष्कळशी गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं लिहून पाठविलेली होती. हे जॅक्सन म्हणजे २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकास नाटकगृहांत अनंत कान्हेरे यांच्या हातून मारले गेलेले कलेक्टर. भुतांचीं टिपणें त्यांच्यामागें दुसऱ्यास पुरीं करावीं लागलीं. या याद्या वाचतांना भय वाटत नाहीं, लाज वाटते. मुंजा कोण? मुंज झाली आणि लग्नाआधीं मेला तो. गिऱ्हा कोण? बुडून मेला तो. लांव कोण? विधवा. हडळ कोण? बाळंतपणांत मेली ती. समंध कोण? धनावर जीव ठेवून गेला आणि ज्याचें क्रियाकर्म धड झालें नाहीं तो. गांवागणिक तपशील बदलतात, पण तत्त्व एकच: ज्याचें देणें राहिलें तो परत येतो. जातही त्यांची सुटत नाहीं. ब्राह्मणाचें भूत निराळें, इतरांचें निराळें. मेल्यावर सर्व सारखे होतात असें म्हणणारांनीं ही यादी वाचावी.

येथें आजच्या लेखकाची खरी कसोटी लागते. हडळीच्या आदिबंधाची उलटापालट करावयाची म्हणजे काय? तिचे पाय आधींच उलटे आहेत. ते आणखी फिरविण्यांत मौज नाहीं. करावयाचें तें एवढेंच, कीं तिला भिणाऱ्यांना उभें करून विचारावें: हिच्या बाळंतपणाच्या रात्रीं तुम्ही कोठें होतां? सुईण वेळेवर कां आली नाहीं? जीन ऱ्हिस या लेखिकेनें १९६६ सालीं ‘जेन एअर’मधील माडीवर कोंडलेल्या वेड्या बाईची बाजू अशीच मांडली आणि इंग्रजी वाचकाला आपल्या आवडत्या कादंबरीकडे पुन्हां पूर्वींच्या डोळ्यांनीं पाहतां येईनासें झालें. परंतु एक धोका सांगितला पाहिजे. हडळ ही बिचारी होती असें दाखवून लेखक स्वस्थ बसला तर कथेंतलें भय जातें आणि उरते ती पश्चात्तापाची पुडी. बिचारी आणि भयंकर, या दोन्ही गोष्टी एकाच आकृतींत टिकवून धरतां आल्या तरच उलटापालट साधली. २०२४ सालच्या ‘मुंज्या’ या हिंदी बोलपटानें, त्याचा बराचसा भाग थट्टेचा असूनही, हें थोडेंफार जाणलें होतें; त्यांतील मुंजाची अपुरी राहिलेली इच्छा करुण आहे आणि तिचा हट्ट अत्याचारी आहे.

थट्टेचा उल्लेख आलाच आहे म्हणून नारायणगांवाचें स्मरण होतें. तमाशाचें हें माहेरघर, विठाबाईंचें गांव. गवळणींत साक्षात् श्रीकृष्ण वाट अडवितो आणि मावशी झालेला पुरुष त्याची अशी कांहीं फिरकी घेतो कीं देवाला देवपण सांभाळणें कठीण जातें. पुढें वगांत राजाला सोंगाड्या पुरून उरतो. आदिबंध हंसून मोडण्याची ही शाळा भयकथाकारांनीं पाहिलेली दिसत नाहीं. भयाला हंसण्याची जोड मिळाली म्हणजे तें पातळ होतें असा त्यांचा समज असावा. आम्हांस तो चुकीचा वाटतो. अंधारांत प्रथम हंसूं फुटतें, मग पाय लटपटतात.

मराठी ग्रंथकारांकडे वळलों तर प्रारंभींच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर फार थांबण्याचें कारण नाहीं. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांत आदिबंध आहेत, पण जसे आले तसे बसविलेले आहेत. सज्जन शेवटपर्यंत सज्जन, दुर्जन शेवटपर्यंत दुर्जन. भयकथेला मराठींत स्वतःचें घर बांधून दिलें तें नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं. त्यांचा वाचकवर्ग अफाट होता आणि विद्वानांची त्यांच्याकडे पाठ होती; या दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं संबंध असावा. धारपांचें एक सामर्थ्य निर्विवाद आहे: भय कोठें उतरवावें हें त्यांस अचूक कळतें. पुण्यामुंबईची दोन खोल्यांची जागा, भाड्यानें घेतलेलें घर, पगाराची नोकरी, अशा निर्धोक ठिकाणीं तें येतें. दोष असा, कीं त्यांच्या ‘समर्थ’ कथांत मांत्रिकाचा जुना आदिबंध शहाणा, संयमी आणि सुशिक्षित होऊन आला, पण हलला नाहीं. समर्थ आले म्हणजे संकट टळणार, हें वाचकास ठाऊक असतें. आणि ‘लुचाई’सारख्या कादंबरीचा सांगाडा स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’शीं (१९७५) जुळतो हें आतां सर्वश्रुत आहे. उसनें घेणें हा आमच्या मतें गुन्हा नव्हे. संस्कृत नाटकांचीं आणि इंग्रजी कादंबऱ्यांचीं रूपांतरें करूनच आपलें गद्य वाढलें. आमची तक्रार निराळी आहे. रक्तशोषक भूत परदेशाहून आलें कीं त्याची बाकी आपल्या खतावणींत नसते. त्यानें कोणाचें काय देणें होतें? गांवानें त्याचा काय अपराध केला होता? तें आलें, त्यानें माणसें खाल्लीं, तें गेलें. भय वाटतें, पण आपला कांहीं हिशेब चुकता झाला असें वाटत नाहीं.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनीं आपल्या कथांस भयकथा न म्हणतां गूढकथा म्हटलें, आणि हा केवळ पाटी बदलण्याचा प्रकार नव्हता. त्यांनीं भूत बाहेरून काढून माणसाच्या मनांत नेलें. या मार्गानें ‘खेकडा’ संग्रहापासून (१९७०) त्यांनीं पुष्कळ मिळविलें. एक गोष्ट मात्र हातची गेली: मनांत गेलेल्या भुताला गांव राहत नाहीं, पिंपळ राहत नाहीं, आणि म्हणून त्याच्याशीं हद्दीचा करारही करतां येत नाहीं. तें एकट्या माणसाचें दुखणें होतें.

आणि मग जी. ए. कुलकर्णी. यांस भयकथाकारांच्या पंक्तीस बसविल्याबद्दल त्यांचे कांहीं भक्त आमच्यावर रागावतील. तरी ‘पिंगळावेळ’ (१९७७) संग्रहांतील ‘स्वामी’ ही कथा आम्ही मराठींतील श्रेष्ठ भयकथा समजतों. तींत भूत नाहीं, राक्षस नाहीं. एका वाटसरूस मोठ्या आदरानें मठांत नेतात. त्यास कांहीं कमी पडूं देत नाहींत. आणि तो पुढचा स्वामी ठरला आहे असें सांगून भूमीखालच्या खोलींत कायमचा कोंडतात. येथें किती मूर्ति हलल्या पाहा. आतिथ्य हा आपला सर्वांत पवित्र आदिबंध, तोच सांपळा झाला. गुरुपद हें बक्षीस, तीच शिक्षा झाली. गुहेंत जाऊन ज्ञान मिळतें ही आपली समजूत. येथें गुहेंतून बाहेर जाऊं शकते ती एक वेल, माणूस नाहीं. लेण्याद्रीच्या विहारांतल्या त्या दगडी कोठड्या पाहतांना आम्हांस ही कथा नेहमीं आठवते. भिक्षु तेथें आपण होऊन राहिले होते. परंतु दरवाजा बाहेरून लागला असता तर ती जागा तीच राहिली असती, एक खिळा हलवावा लागला नसता. उलटापालट याहून कमी हालचालींत करतां येत नाहीं.

राक्षसाच्या नांवाचा जो धागा आम्हीं ओझरास धरला, त्याचें दुसरें टोंक एका बोलपटांत सांपडतें. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रकाशित झाला. भाषा हिंदी, पण नांव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, प्रेरणा धारपांच्या कथेची आणि पाऊस अस्सल आपला. त्यांतील हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला व लाडका मुलगा. सोनें घेतलें, मग धान्यावर हात घालूं लागला. इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईनें त्यास वांचविलें, पण एका अटीवर: त्याची पूजा कधीं व्हावयाची नाहीं, त्याचें नांव पुसलें जाईल. ओझरच्या असुराची आणि या देवपुत्राची शिक्षा शेजारीं शेजारीं मांडावी. एकास नांव मिळालें आणि तो हद्दींत राहिला. दुसऱ्याचें नांव पुसलें आणि तो कायमचा भुकेला राहिला. गुप्तधनावर बसलेला समंध किंवा भुजंग आणि त्याला चकवून हंडा काढणारा धाडसी पुरुष, हा आपल्याकडचा जुना आदिबंध. ‘तुंबाड’नें काय केलें? राखणदारास भुकेलें मूल केलें आणि धाडसी पुरुषास राक्षस केलें. पिठाच्या बाहुल्या घेऊन पुन्हां पुन्हां त्या उदरांत उतरणारा विनायक हा हस्तराहून अधिक भयंकर वाटतो, आणि तो पुण्याचा प्रतिष्ठित गृहस्थ आहे. २०२४ सालीं तो बोलपट पुन्हां लागला तेव्हां प्रेक्षकांनीं पूर्वीपेक्षां अधिक गर्दी केली. उलटी केलेली मूर्ति ओळखूं यावयास कधीं कधीं सहा वर्षें लागतात.

येथें कोणी विचारील, कीं भुताखेतांचें एवढें कौतुक कशासाठीं? ज्या पुण्यांत २० ऑगस्ट २०१३ रोजीं डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि ज्या राज्यास त्याच वर्षीं अघोरी प्रथा व जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तेथें भयकथा लिहिणें म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी नव्हे काय? हा प्रश्न आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. कोणा बाईला चेटकीण ठरविणारा जमाव आणि चेटकिणीची कथा लिहिणारा लेखक एकाच मूर्तीचा उपयोग करीत असतात. फरक एवढाच, कीं जमाव मूर्तीला जशीच्या तशी एका जिवंत बाईवर बसवितो. म्हणूनच आम्ही मूर्ति हलविण्याचा आग्रह धरतों. चेटकीण होती आणि ती मेली, सर्वांनीं सुटकेचा श्वास सोडला, असें लिहिणाऱ्या लेखकाकडे मात्र या प्रश्नास उत्तर नाहीं.

जुन्नर-आंबेगांवच्या माणसाला हा विषय पुस्तकी नाहीं. महादेव कोळी समाज दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतो. वाघोबाला मान देतो, आणि त्यानें गुरांना व माणसांना सांभाळावें अशी अपेक्षा ठेवतो. ओझरचाच करार, पण चार पायांच्या प्राण्याशीं. हा करार रानाच्या हद्दीवर उभा होता. कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, पाणी आलें, ऊस आला. आणि बिबट्यानें उसांत बिऱ्हाड केलें. त्याच्या कित्येक पिढ्या उसांतच जन्मल्या. रान म्हणजे भय आणि शिवार म्हणजे अभय, ही कथाकारांची आवडती विभागणी येथें कोणा लेखकानें न मोडतां पाटबंधाऱ्यानें मोडली. आतां भय माणसानें स्वतः लावलेल्या, स्वतः पाणी पाजलेल्या पिकांत बसतें. ज्या उसानें घर बांधलें त्याच उसाकडे संध्याकाळीं आई मुलाला फिरकूं देत नाहीं. २००१ ते २००३ या काळांत येथें माणसांवर हल्ले वाढले, पुष्कळ बिबटे धरून दूरच्या रानांत सोडले गेले. पण त्यामुळें हल्ले कमी न होतां वाढले असा निष्कर्ष विद्या अत्रेय आदि संशोधकांनीं पुढें मांडला. एका झाडावरून उतरविलेलें भूत शेजारच्या गांवाला लागतें, असें भगत सांगत आलेच होते! ज्यांचीं लेंकरें गेलीं त्यांच्यापुढें ही तुलना करण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. तेथें बिबट्या हा आदिबंध नसतो. पण लेखकापुढें मात्र आम्ही ती करूं. या मुलखाची भयकथा अद्याप लिहिली जावयाची आहे. तींत नरभक्षक एका बाजूस आणि बंदूकवाला शूर पुरुष दुसऱ्या बाजूस असें असूं नये. इंद्राप्रमाणें ज्यानें तो निर्माण केला तो यजमानही तींत असावा. आणि तो यजमान म्हणजे वाईट माणूस नव्हे. कर्ज फेडण्यासाठीं ऊस लावणारा साधा कुणबी आहे, ही अडचण टाळून चालणार नाहीं.

अडचणीची आणखी एक जागा आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला. १५१ माणसें गेलीं. बाहेरच्या जगाला पहिली खबर मिळाली ती नेहमींच्या वाटेनें आलेल्या एस. टी.च्या चालकाकडून, तो आला तेव्हां गांव जागेवर नव्हतें. वाटसरू ओळखीच्या वाटेनें येतो आणि गांव नाहींसें झालेलें असतें, ही कल्पना जगांतल्या अद्भुतकथांत शेंकडों वेळां आली आहे. तिचा चटका आम्हांस पूर्वीं बसत असे. माळीणनंतर ती वाचतांना लेखकाचा राग येतो. तेथें भूत दाखविणाऱ्या कथेस आम्ही तरी जागा देणार नाहीं. भूत ही गांवाच्या खतावणींतली बाकी, असें आम्हीं वर म्हटलें. पण खतावणी लिहिणारें गांवच जेथें गेलें तेथें बाकी कोणाच्या नांवें मांडावयाची? ती गांवाबाहेरच्यांच्या नांवें मांडावी लागेल, आणि तसें करणारी कथा भयकथा असेल किंवा नसेल. ती वाचावयास आम्ही तयार आहों.

घोड नदीवर डिंभ्याचें धरण झालें आणि जुनें आंबेगांव पाण्याखालीं गेलें. जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव आहे. ते याच तालुक्यांतील म्हाळुंगे पडवळचे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे जुन्या देवळांचे दगड वर येतात, लोक पाहावयास जातात, आणि मृगानंतर तें सर्व पुन्हां बुडतें. तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे. सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर तालुका म्हणून नांव मात्र आंबेगांवचेंच लिहितात.